पंप गळतोय, पण नेमका कुठून?

अकोले-संगमनेरचे दूध पहाटे गोळा करणारी पिकअप, पारनेरचा कांदा बाजार समितीत पोचवणारा टेम्पो, शिर्डी उरकून सुमारे ७० किलोमीटरवरच्या शनिशिंगणापूरला भाविक घेऊन निघालेली ट्रॅव्हलर. नगर जिल्ह्यात दिवस सुरू होतो तो या गाड्यांच्या डिझेल इंजिनांवर. अशा गाडीखाली सकाळी ओला डाग दिसला, केबिनमध्ये डिझेलचा वास येऊ लागला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. डिझेलचा इंजेक्शन पंप म्हणजे इंजिनातला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात नाजूक भाग, ही समजूत त्याच्या मनात पक्की असते. ती बरीचशी खरीही आहे. पण गळणाऱ्या दहा पंपांतल्या बहुतेकांना पंप म्हणून काहीच झालेले नसते. थकलेली असते ती आतली किंवा बाहेरची रबराची कडी. ती कडी कोणती, एवढे शोधून काढण्यासाठी हे प्रकरण आहे.

या विषयाशी नगरचे नाते ग्राहकापुरते नाही. नवलमल फिरोदिया हे नगरचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नवलमलांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली. आधी जर्मन परवान्यावरची तीनचाकी आली, मग मॅटेडोर. पुढे डाइम्लर-बेंझच्या परवान्याने कंपनी ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन भारतात बनवू लागली. मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली आणि २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मर्सिडीजच्या टॅक्सीत शोभेल असे इंजिन करंजीच्या घाटात कांद्याच्या गोण्या ओढू लागले, आणि त्यामुळे गावोगावच्या मिस्त्रींना त्याचा पंप उघडता येऊ लागला. हे मला फार मोठे काम वाटते. एका पिढीचे यांत्रिक शिक्षण या इंजिनावर झाले आहे.

पंपाचे काम सांगायला सोपे आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलची बारीक फवारणी झाली की ते पेटते. ही फवारणी योग्य क्षणी, योग्य मापाने आणि जबरदस्त दाबाने व्हावी लागते. रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ चे यशस्वी इंजिन त्यासाठी दाबलेली हवा वापरत होते. त्यामुळे सोबत एक अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे आणि इंजिन रस्त्यावर आणणे अवघड होते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचे कारखान्यात उत्पादन सुरू केले, आणि तेव्हापासून डिझेल ट्रकचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. भारतात हे तंत्र मायकोने आणले. ही कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झाली आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. तिचा नाशिकच्या सातपूरमधला कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी आजही ‘मायको पंप’ हाच शब्द आहे.

ओएम ६१६ वर असतो त्या लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि एक बॅरल असतो. या जोडीला गॅरेजमध्ये एलिमेंट म्हणतात. प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. या फटीत कोणतेही सील नाही. दोन धातू इतके जुळवून घासलेले असतात की डिझेलचा पापुद्राच सील होतो आणि तोच वंगणही होतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर पंप त्याच्या निम्म्या वेगाने, १००० फेऱ्यांनी फिरतो. म्हणजे एकेक प्लंजर मिनिटाला १००० वेळा डिझेल ढकलतो आणि प्रत्येक वेळी एका थेंबाहूनही कमी. ओएम ६१६ च्या जातीच्या इंजिनात फवारणी करणारे नोझल सव्वाशे बारच्या आसपास उघडते. गाडीच्या टायरमधली हवा अडीच-तीन बार असते.

आता प्रश्न असा की इतकी वर्षे कोरडा राहिलेला पंप अचानक का गळू लागतो? वय आणि उष्णता ही कारणे आहेतच. इंजिनाशेजारी तापून रबर कडक होते, त्याची लवचीकता जाते, आणि गोल कडीला दाबून दाबून चपटा आकार येतो. पण याहून मोठे कारण डिझेलच्या घटकांत आहे आणि ते फार थोड्या गाडीमालकांना ठाऊक असते. १९९६ पूर्वी भारतातल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे १०,००० पीपीएम. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० पीपीएमचे आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएमचे डिझेल आले. हवेसाठी हे फार चांगले झाले. फक्त गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक संयुगेही कमी होतात, आणि जुन्या पंपांतल्या नायट्राइल रबराच्या कड्या याच संयुगांनी फुगून जागा भरत असत. फुगवणारा घटक गेला की जुनी कडी आक्रसते. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्यांचे पंप असेच गळू लागले होते. उपाय तिथे जो निघाला तोच इथेही लागू आहे: व्हायटॉन जातीच्या फ्लुओरो-रबराच्या कड्या. सील किट घेताना हा एक शब्द उच्चारायचा. दुकानदार दोन प्रकारची किट समोर ठेवतो आणि त्यांच्या किमतीत फरक असतो. पण दुसऱ्यांदा पंप खोलण्याच्या मजुरीपुढे तो फरक काहीच नाही.

गंधकासोबत डिझेलचा वंगणगुणही कमी होतो. म्हणून तेल कंपन्या त्यात वंगण वाढवणारे द्रव्य मिसळतात, आणि त्याची चाचणी ठरलेली आहे: प्रमाणित चाचणीत घासलेल्या खुणेचा आकार ४६० मायक्रॉनच्या आत हवा. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारा हा सगळा हिशेब उधळून लावतो. रॉकेल पातळ असते, त्याला फारसा वंगणगुण नसतो आणि दोन-चार मायक्रॉनच्या फटीत ते टिकत नाही. मग बाहेर एक थेंबही न गळता आतला एलिमेंट झिजतो, आणि त्यावर कोणतीही रबराची कडी उपाय नाही.

निदानाला घाई चालत नाही. बहुतेक नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, धुळीचा. ओल्या जागी धूळ बसते, तिचा काळा थर होतो आणि डिझेल त्या थरातून झिरपत भलत्याच ठिकाणी टपकते. खालून पाहणाऱ्याला पंपाच्या बुडाशी थेंब दिसतो आणि तो पंप बाजूला करायला सांगतो. खरी गळती बहुतेकदा वर असते: फिल्टरच्या जोडावर, रिटर्न लाइनच्या तडकलेल्या रबरी नळीत किंवा बँजो बोल्टच्या तांब्याच्या वायसरमध्ये. म्हणून आधी इंजिन थंड असताना पंप आणि भोवतालचा भाग ब्रश आणि स्वच्छ डिझेलने धुवावा, पुसून वाऱ्याने कोरडा करावा. त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन पाच-दहा मिनिटे चालवावे. पांढऱ्या पुडीत ओलीची रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक हेच खरे ठिकाण. याला पैसे लागत नाहीत आणि मी तर म्हणेन, ही पायरी गाळणाऱ्या गॅरेजात पंप देऊच नये.

थेंब किती महत्त्वाचा असतो याचाही हिशेब मांडता येतो. सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे तासाला १८० मिलिलिटर. दिवसात सहा तास गाडी चालली तर एक लिटरहून थोडे जास्त. पण नुकसान पैशांपुरते नाही. गळलेले डिझेल इंजिनाच्या रबरी माउंटिंगला आणि नळ्यांना कुजवते. घाटाच्या वळणावर सांडले तर मागून येणारी दुचाकी घसरते. आणि आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असे मानक सांगते, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तो हवेच्या तापमानापेक्षाही खाली असू शकतो. तापलेल्या एक्झॉस्टवर बारीक फवारा उडत असेल तर आग लागण्याची शक्यता खरी असते.

थेंब दिसत नाही तरी गळती असू शकते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, सुरू झाल्यावर इंजिन अडखळते आणि मग नीट चालते. याचा अर्थ कुठून तरी गाडी हवा घेते. उभ्या गाडीत डिझेल टाकीकडे परत जाते आणि त्याच फटीतून हवा आत येते. पंपाआधीच्या नळीत हातभर पारदर्शक नळी जोडून पाहिली तर बुडबुडे दिसतात. आणखी एक चोरगळती आहे, तिच्याबद्दल जास्त काळजी वाटावी. लाइन पंपाचा कॅम इंजिन ऑइलमध्ये फिरतो. एलिमेंट झिजला की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते, त्याला डिझेलचा वास येतो, ते पातळ होते. काही मालकांना वाटते, गाडी ऑइल खात नाही म्हणजे बरी आहे. वाढलेले ऑइल दिसल्यावर गाडी तिथेच थांबवावी, नाहीतर बेअरिंग जाते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी जिवाची गोष्ट. दाबाखालच्या पाइपाला केसाएवढी चीर गेली असेल आणि तुम्ही ती बोटाने चाचपली, तर डिझेल कातडीत घुसते. ७ बारच्या दाबालाही कातडी भेदली जाऊ शकते आणि इथे शेकडो बारांची गोष्ट आहे. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखत नाही, म्हणून माणूस बोट पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल स्नायूबंधांच्या आवरणातून पसरते आणि ऊती मारते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशा वेळी मलम, पट्टी, धनुर्वाताचे इंजेक्शन यावर थांबायचे नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे की दाबाखालचे डिझेल आत शिरले आहे. फवारा शोधायचा तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, हात कधीच नाही. गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोरांना पाना हातात देण्याआधी हे सांगितले पाहिजे.

जुन्या मॅटेडोर-ट्रॅव्हलरच्या लाइन पंपात गळतीची नेहमीची जागा म्हणजे माथ्यावरचे डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर. नोझलकडे जाणारे चार पाइप जिथून निघतात ते हे चार उभे नट. प्रत्येकाखाली एक ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, आणि आत एक सीलिंग वायसर असते. यासाठी पंप काढावा लागत नाही. चारही पाइप सोडावेत आणि सुटलेल्या प्रत्येक तोंडावर लगेच टोपी बसवावी, कारण दोन मायक्रॉनच्या फटीत धुळीचा एक कण म्हणजे ओरखडा. होल्डरला खाचदार सॉकेट लागते. पाइप पान्याने ते उघडायचा प्रयत्न केला तर दाते उडतात. एका वेळी एकच होल्डर उघडावा, म्हणजे एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह दुसऱ्यात जाण्याचा प्रश्न उरत नाही. नवी ओ-रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवावी, ग्रीस लावू नये. मग टॉर्क पान्याने आवळायचे, सैल करायचे, पुन्हा आवळायचे, असा क्रम त्या पंपाच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यांनुसार. गळती थांबावी म्हणून अंगाचा जोर लावून आवळले तर बॅरल किंचित वाकतो आणि प्लंजर आत अडकतो. एक-दोन ओ-रिंगच्या कामात पंप निकामी होतो तो इथे. एम-सील किंवा साबण थापून हा जोड कधीच बंद होत नाही. टाकीच्या गळतीवर साबणाने वेळ मारून नेता येते, शंभर बारांपुढे त्याचा काही उपयोग नाही.

पंपाच्या बाजूला बसवलेला फीड पंप गळत असेल तर तो वेगळा निघतो आणि त्याचे किट वेगळे मिळते. पुढच्या फ्लँजजवळ ओल असेल किंवा एलिमेंट गेला असेल तर मात्र पंप उतरवावाच लागतो. उतरवण्याआधी पहिल्या सिलिंडरला कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूवर) आणावे आणि पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर छिन्नीने एक सलग बारीक रेघ मारावी. परत बसवताना ती रेघ जुळली की टायमिंग जवळपास जागेवर येते.

जवळपास म्हणजे पुरेसे नव्हे. मूळ जर्मन ओएम ६१६ मध्ये डिझेल ढकलायला सुरुवात टीडीसीच्या २४ अंश आधी व्हावी लागते, आणि हे तपासण्याची जुनी थेंबाची रीत मला आजही सुंदर वाटते. पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत बसवायचा, त्याला वाकडी नळी लावायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेल्या स्थितीत ठेवायचा. वरून डिझेल सोडले की नळीतून धार लागते. आता इंजिन चालीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवायचे. प्लंजर वर चढतो, बॅरलचे छिद्र झाकू लागतो, धार बारीक होते आणि थेंब पडू लागतात. सेकंदाला एक थेंब उरला की थांबायचे आणि पुलीवरचा अंश वाचायचा. फरक असेल तर लांबट भोकांमध्ये पंप किंचित फिरवायचा. टायमिंग उशिरा असेल तर थंड इंजिन पांढरा धूर सोडते आणि ओढ कमी होते. लवकर असेल तर इंजिन ठोकते.

सुमोसारख्या गाड्यांत आणि बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये रोटरी पंप असतो. त्यात चार सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर असतो, तो पुढेमागे होता होता फिरतो आणि डिझेल वाटतो. याचे पोट पूर्ण डिझेलने भरलेले असते, त्यामुळे गळायच्या जागा जास्त. वरच्या झाकणाचे पॅकिंग आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्याची ओ-रिंग गळत असेल तर काम तुलनेने हलके आहे. दांड्याचे बुशच झिजले असेल तर नवी ओ-रिंग महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळते, म्हणून दांडा बोटाने हलवून खेळ पाहावा. पुढच्या शाफ्टचे ऑइल सील गळत असेल तर पंप उतरवावा लागतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे पाइप निघतात ते मागचे हेड आणि त्याची मोठी ओ-रिंग. चार बोल्ट दिसतात, वाटते की गाडीवरच सैल करून कडी बदलू. हेडमागे स्प्रिंगा, वायसर आणि प्लंजर एका रांगेत तोलून उभे असतात. हेड तिरके निघाले किंवा जास्त मागे आले की प्लंजर खाली सरकतो, एखादी शिम जागा सोडते, आणि बोल्ट आवळल्यावर पंप फिरतच नाही. जोर लावून स्टार्टर मारला तर आत मोडतोड होते. पंप उतरवून, हेड वर येईल असा उभा धरून, बोल्ट सारखे सारखे सैल करत हेड सरळ उचलणे हीच सुरक्षित रीत. याचे टायमिंग थेंबाने नव्हे, डायल गेजने बघतात. हेडच्या मधला छोटा प्लग काढून तिथे गेज लावतात आणि टीडीसीला प्लंजर किती मिलिमीटर उचलला आहे ते वाचतात. हा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेला असतो आणि तो इंजिनागणिक बदलतो. पंप खोलल्यावर तो टेस्ट बेंचवर फिरवून प्रत्येक नोझलला किती डिझेल जाते ते मोजून घ्यावे. गॅरेजात यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

नव्या ट्रॅव्हलर आणि पिकअप कॉमन रेलच्या आहेत. तिथे पंप फक्त दाब तयार करतो, वेळ आणि माप संगणक ठरवतो. सुरुवातीच्या प्रणाल्यांत दाब १३५० बारपर्यंत होता, आता २००० च्या पुढे गेला आहे. जुन्या गाडीत हवा काढताना नोझलकडचा नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारतात. ही सवय कॉमन रेलवर जीवघेणी आहे. चालत्या इंजिनाचा कोणताही दाबाचा नट सैल करू नये, आणि बंद केल्यावरही पुस्तकात सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. दाबाचे पाइप एकदा सोडले की बहुतेक कंपन्या नवेच बसवायला सांगतात. या पंपांचीही सील किट मिळतात, पण ती बसवायला धूळमुक्त खोली आणि त्या दाबाचा बेंच हवा. ज्या दुकानात बाहेर ग्राइंडर चालू असतो आणि आत त्याच टेबलावर पंप उघडला जातो, तिथून तो उचलून आणलेला बरा.

सगळे बसल्यावर लाइन किंवा रोटरी पंपात हवा काढावी: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबत राहायचे, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की बंद, मग नोझलकडचे नट. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांहून जास्त एका दमात मारू नये, तो जळतो. इंजिन लागल्यावर पुन्हा पुसून खडूची पूड टाकावी. गाडी भरून करंजी किंवा चंदनापुरी घाटासारख्या चढावर नेऊन आणावी, कारण काही जोड फक्त गरम होऊन पूर्ण दाबाखाली आल्यावरच पाझरतात. रात्रभर उभी ठेवून सकाळी पहिल्या सेल्फला लागते का ते बघावे. ऑइलमध्ये डिझेल उतरले असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत, आणि त्यानंतरच्या आठवड्यात डिपस्टिक रोज पाहावी.